शिदोरीचं पाणी

खुशालराव वलगावला लेकीला आणायला गेले होते, आणि परत आले ते रिकामी गाडी घेऊन.

गाडी काय साधीसुधी होती म्हणता? बैलांच्या गळ्यात चांदीच्या घुंगरांच्या माळा, शिंगांना पितळी शेंब्या, आत मऊ गादी, गादीवर लोड, आणि लेकीला ऊन लागू नये म्हणून वर नव्या जाजमाचं छत. दिवसच तसे होते. सातासमुद्रापार कुठल्याशा मुलखात भाऊबंदकी पेटली होती म्हणे, आणि त्यांच्या भांडणापायी वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव आला होता की काल चटणी-भाकर खाणारा आज बैलाला चांदी घालत होता. खुशालरावांनी तर गावात सगळ्यांच्या आधी घातली. माणूस मनानं चांगला, पण मिरवायची भारी हौस.

घुंगरं वाजली तशी मैनाबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन लगबगीनं उंबऱ्यात आली. लेकीवरून ओवाळून टाकायचं, पायावर पाणी घालायचं, मग आत घ्यायचं. तिनं गाडीत डोकावून पाहिलं. गादीवर नुसता लोड.

"पोरगी कुठी हाये?"

खुशालराव बैल सोडत राहिले.

"आवो, मी तुमाले इचारून राहिली. रुख्मिणी कुठी हाये?"

"नाई धाडली इहीणबाईनं."

"काहून?"

 काहून ते रात्रीपर्यंत मैनाबाईनं काढून घेतलंच. वलगावच्या सत्यभामाबाई, म्हणजे रुख्मिणीच्या सासूबाई, मोठ्या फटकळ. त्यांनी व्याह्यांना पाटावर बसवलं, गूळपाणी दिलं, आणि सरळ सांगितलं, "इवाईबुवा, पयलं बाळंतपण माहेरीच व्हाव, हे मलेबी समजते. पण तुमच्या गावात गोडं पाणी रायलं नाई. बाळंतिणीले काय मीठ पाजता? अन् लेकराले खाऱ्या पाण्यात घालून त्याचं लोणचं करता? बाहेरून वाहून आनलेल्या पाण्यावर बाळंतपण होते काय? पाणी दाखवा, अन् सून घेऊन जा."

  रुख्मिणी खुशालराव-मैनाबाईंची एकुलती एक, नवसासायासानं झालेली. तिचं पहिलं बाळ आपल्या घरात रडावं, आपल्या अंगणात त्याच्या दुपट्यांची दोरी लागावी, एवढी एकच आस नवरा-बायकोनं धरली होती. जेठात दिवस भरायचे होते, आणि चैत्र लागला होता.

मैनाबाई एवढंच म्हणाली, "इहीणबाई खोटं काय बोलल्या? आन् हे कोनामुळं झालं, ते मी नाई सांगत."

सांगायची गरजच नव्हती. सगळ्या गावाला ठाऊक होतं.

गावाचं नाव गोडतळी. पूर्णेकाठचा तो पट्टाच मुळी खारा. जमीन काळीभोर, कापूस पाहून डोळे निवावेत. पण विहीर खणावी तर खाली मीठ. म्हणून कोण्या शहाण्या पूर्वजानं गावाच्या वरच्या अंगाला पावसाचं पाणी अडवून तळं बांधलं होतं. दर वैशाखात घरटी एक गाडी गाळ काढायला यायची आणि घरटी तळेपट्टी गोळा व्हायची. त्या पट्टीतून बांध बुजवला जायचा आणि देवीदास कोळ्याचं पोट भरायचं. देवीदास म्हणजे तळ्याचा राखणदार. दिवसभर काठी घेऊन बांधावर फिरायचा, म्हशींना हाकलायचा, खेकड्यांची बिळं बुजवायचा, कोणी घाटावर धुणं आपटलं तर सात पिढ्यांचा उद्धार करायचा. लोक त्याला शिव्या घालायचे आणि त्यानं राखलेलं पाणी प्यायचे.

मग सरकारची नवी जमाबंदी झाली. धारा, म्हणजे शेतसारा, हलका बसला. गावखर्चाचं तुमचं तुम्ही बघा, असं कारकून सांगून गेला. आणि मारोतीच्या पारावर गाव जमलं, तेव्हा आमचे खुशालराव मिशीला पीळ देत उठले.

"सरकारानं आपला बोजा हलका केला, अन् आपन आपल्याच मानेवर हे तळेपट्टीचं जू काहून ठेवून राहिलो? आता कोनाच्या घरी पैसा नाई? मी तं म्हन्तो, ज्याले तहान, त्यानं आपलं पाणी पाहावं!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! पट्टी गेली, गाळाची गाडी गेली. म्हाताऱ्या नत्थुजींनी तेवढी मान हलवली होती. नत्थुजी खुशालरावांचे शेजारी, गावात सगळ्यांत वडील, आणि जिभेचे तिखट. पण त्या दिवशी त्यांचं कोण ऐकतो? खुशालरावांनी साऱ्या गावाला पेढे वाटले.

देवीदासानं एक वर्ष तसंच काढलं. मग बायकोला आणि चुलीवरच्या मडक्यांना घेऊन अकोल्याला गेला, कापसाच्या वखारीत बोजे उचलायला. इकडे तळ्याच्या वरची गायरानाची पट्टी लोकांनी नांगरून कापसाखाली घेतली. भाव होता ना! ती सगळी माती पावसात वाहून तळ्यात आली. म्हशी पाण्यात लोळू लागल्या. खेकड्यांची बिळं कोणी बुजवली नाहीत. एका भादव्यात बांध फुटला आणि तळं रात्रीतून निघून गेलं. राहिला तो गाळ, आणि त्यात बेडकं.

तरी कोणाला फारसं काही वाटलं नाही. ज्याच्याकडे गाडी, तो दोन कोसांवरून जमेल तेवढं पाणी आणायचा. ज्याच्याकडे गाडी नाही, त्या बायका डोक्यावर घागर घेऊन जायच्या. शकुनसारखी विधवा, जिला ना बैल ना कोणी माणूस, ती आणि तिचं लेकरू खारंच प्यायचं. घरोघरी डाळ शिजेना. सासवा सुनांना म्हणायच्या, तुला स्वयंपाक येत नाही; सुना पदराआड रडायच्या. पाहुण्याला गूळपाणी दिलं की पाहुणा तोंड वाकडं करायचा. आणि लग्नाच्या पोरांचे बाप गावोगाव फिरून थकले, कारण गोडतळीत लेक द्यायला कोणी तयार होईना. चांदीची घुंगरं घातलेले बैल दारात, आणि दारात सून नाही!

एवढं सगळं झालं तरी खुशालराव हटले नव्हते. आता मात्र गोष्ट लेकीवर आली होती.

"मी माह्या अंगनात इहीर खंदतो!" दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जाहीर केलं. "पैसा काय चाटाले ठेवला काय?"

अकोल्याकडून एक पाणाड्या आणला. तो तळहातावर नारळ ठेवून अंगणभर फिरला आणि गोठ्याजवळ येऊन डोळे मिटून म्हणाला, "इथी गंगा हाये." बस्स, खणायला सुरुवात झाली. घडीव दगड आला, कठडा बांधला, मैनाबाई रोज उठून आत डोकावायची. पाणी लागलं तेव्हा खुशालरावांनी भटजी बोलावले, नारळ फोडला, साऱ्या गावाला जेवण सांगितलं. पहिला तांब्या मानानं नत्थुजींच्या हाती दिला. नत्थुजींनी घोट घेतला. तोंडात धरला. गिळला. मग शांतपणे म्हणाले, "खुशालराव, एक बरं झालं गा. आता बाजारातून मीठ आनाचं काम नाई."

लोक पोट धरधरून हसले. मैनाबाई आत गेली आणि पदरात तोंड घालून रडली. गंगा सापडल्याचे पैसे घेऊन पाणाड्या केव्हाच पसार झाला होता.

मग खुशालराव म्हणाले, तळंच उकरतो, माझ्या खर्चानं. मजूर शोधायला गेले तर मजूर कुठे आहेत? सगळे आगगाडीच्या रस्त्याची माती टाकायला गेलेले. दुप्पट देतो म्हटलं तरी कोणी येईना. शेवटी ते अकोल्याला देवीदासाच्या खोपटात जाऊन बसले. देवीदासानं त्यांना लोटाभर गोडं पाणी दिलं. ते पिताना खुशालरावांना वाटलं, आपण इतकं चांगलं पाणी कधी प्यालोच नव्हतो.

"चाल गा देवीदास. म्हनशील ते देतो."

देवीदास हसला. लहानपणी दोघं त्याच तळ्यात बरोबर पोहायला शिकलेले. "मालक, मी तुमचा गडी म्हनून आलो, तं नत्थुजीची म्हैस मले भ्याते काय? मी गावाचा होतो म्हनून भ्यात होती. गावानं बलावलं तं मी येतो. एकट्या तुमच्या बलावन्यानं ते तळं नाई भरत."

झालं. आता एकच वाट उरली होती, आणि ती पारावर जात होती. खुशालराव पारावर उभे राहिले, या खेपेला मिशीला हात न लावता, आणि म्हणाले, तळेपट्टी पुन्हा सुरू करू या, घरटी गाडी देऊ या, माझी पोरगी बाळंतपणाला यायची आहे.

 मागून कोणीतरी ओरडलं, "ज्याले तहान, त्यानं आपलं पाणी पाहावं!" आणि जो हशा उठला, तो मारोतीच्या गाभाऱ्यातसुद्धा ऐकू गेला असेल. सगळ्यांत जोरात नत्थुजीच हसले. खुशालराव मान खाली घालून घरी आले. आपलेच शब्द असे तोंडावर मारले जातील, असं त्यांना पेढे वाटताना वाटलं नव्हतं.

"नाई येत आता पोरगी," ते मैनाबाईला म्हणाले. "माह्यीच करनी." आणि चांदीच्या घुंगरांच्या माळा बैलांच्या गळ्यातून काढून त्यांनी फडताळात टाकल्या. मैनाबाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दिवसाउजेडी असा हात तिनं कधी ठेवला नव्हता.

आणि मग वैशाखातल्या एका सकाळी वेशीतून एक गाडी आत आली. संथ, जड, करकरत. गाडीत कडबा, कडब्यात रोवलेले मोठमोठे रांजण, रांजणांची तोंडं ओल्या फडक्यांनी बांधलेली. रांजणांच्या मधोमध सत्यभामाबाई ताठ बसलेल्या, आणि त्यांच्या खांद्याला टेकून पोट सांभाळत रुख्मिणी. गाव दारादारांत उभं राहून पाहत होतं.

"तुमच्या पोरीनं अन्न सोडलं होतं, इवाईबुवा," सत्यभामाबाई उतरता उतरता म्हणाल्या. "माहेरीच जातो म्हने. मंग म्या म्हतलं, जाय बाई, पन पाणी आपलं नेऊ. दोन रांजन वाटेत हिंदकळून अर्धे झाले. मी डोये लावून बसली म्हनून एवढं तरी पोचलं."

मैनाबाई भाकरतुकडा घेऊन धावत आली. लेकीवरून ओवाळून टाकला. पायावर घालायला तांब्या उचलला, आणि तिचा हात थांबला. तांब्यात अंगणातल्या विहिरीचं पाणी होतं.

"माय, थांब," रुख्मिणी हळूच म्हणाली. "यातलं घे." तिनं स्वतःच्या हातानं रांजणाचं फडकं सोडलं.

लेक माहेरी आली, आणि माहेरच्या उंबऱ्यात तिच्या पायांवर पाणी पडलं ते सासरचं.  खुशालराव गोठ्यात गेले आणि बैलाच्या मानेला मिठी मारून लहान पोरासारखे रडले. थोड्या वेळानं रुख्मिणी मागोमाग आली.

"बाबा, रडता काहून? तुमीच म्हनत होते ना, ज्याले तहान त्यानं आपलं पाणी पाहावं. मी माह्यं घेऊन आली."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. बापाची लाडकी होती, चिडवत होती. पण त्याच वेळी कुंपणापलीकडून शकुन आपल्या लेकराला कडेवर घेऊन डोकावली. शकुन आणि रुख्मिणी एकत्र भातुकली खेळलेल्या. लेकराचे ओठ फुटलेले. "रुख्मे, गोडं हाये का वं ते? एक घोट दे याले."

रुख्मिणीनं त्या लेकराला पाणी पाजलं. ते गटागटा प्यालं, मग थांबून हसलं, आणि पुन्हा प्यालं. रुख्मिणी त्याच्याकडे पाहत राहिली. मग ती घरात गेली आणि फडताळातले सगळे गडू काढून अंगणात मांडू लागली.

"हे काय चाललं?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"शिदोरी वाटून राहिली."

आता शिदोरीचं वऱ्हाडात कसं, लेक सासरहून आली की तिच्यासोबत सासरची शिदोरी येते. लाडू, करंज्या, निदान गुळाच्या पोळ्या. ती आळीत घरोघर वाटायची. लेकीची शिदोरी नाकारायची नाही, मग घरात वैर का असेना. आणि शिदोरीचं भांडं रिकामं परत करायचं नाही. मूठभर ज्वारी घाला, गुळाचा खडा घाला, पण रिकामं नाही.

"अवं, ते तुह्या बाळंतपनाचं पाणी हाये!" सत्यभामाबाई कपाळावर हात मारून ओरडल्या. "घरोघर वाटशील तं उरते काय? पोट्टी खुळी झाली काय वं, इहीणबाई?"

"आत्याबाई, लाडू तं आनले नाई आपन," रुख्मिणी गडू भरत म्हणाली. "हेच आनलं. भांडं रिकामं येत नाई. पाहू काय येते ते."

खुशालराव पुढे झाले. "रुख्मे, ऐक माह्यं. नको करू. हे संपलं तं मी दोन कोसांवरून एकटा कितीक आनू वं?"  लेकीनं गडू त्यांच्या हातात दिला. आणि काय करणार बाप? घेतला, आणि पहिला गडू घेऊन ते स्वतःच शेजारी नत्थुजींच्या दारी गेले.

"रुख्मिणीची शिदोरी," एवढंच म्हणाले.

नत्थुजींनी गडूत पाहिलं. काहीतरी तिखट बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. लेकीची शिदोरी. दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली.

दुपारपर्यंत रांजण रिकामे झाले. कोणी ते पाणी देवापुढे ठेवलं, कोणी घरातल्या आजाऱ्याला पाजलं, एका सासूनं त्यात डाळ शिजवून पाहिली, आणि डाळ शिजली तशी सुनेकडे पाहून ओशाळून हसली. संध्याकाळी गडू परत येऊ लागले. ज्वारी आली, गूळ आला, कोणी सुपारी घातली, कोणी सरकी. मैनाबाई प्रत्येक गडू उघडायची आणि तिचं तोंड उतरत जायचं. ज्वारीनं बाळंतिणीची तहान भागते थोडीच! सगळे गडू आले. नत्थुजींचा तेवढा आला नाही.

खुशालरावांचा रात्रभर डोळा लागला नाही. उजाडताच ते बैल जुंपायला उठले, दोन कोसांवरून पाणी आणायला, तर अंगणात नत्थुजी उभे. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर फावडं, हातात गडू.

"उशीर झाला गा," ते म्हणाले. "पन रिकामं भांडं कसं आनू?"

खुशालरावांनी गडूत पाहिलं. तळ्याचा काळा, ओला गाळ काठोकाठ भरलेला.

"पयली टोपली म्या काढली," नत्थुजी म्हणाले. "म्हातारा मानूस, एकट्यानं किती काढीन? पारावर हसलो तुले, ते पोटातून नाई हसलो. तुह्यी पोरगी आमाले पाणी पाजते, अन् आमी तिले ज्वारी देतो, हे काय बरं दिसते? जुप गाडी. पाण्याले नाई, गाळाले."

"अन् रुख्मिणीचं पाणी?"

"ते माह्यं पोट्टं घेऊन येईल आज. उद्या दुसऱ्या घराची पाळी. साऱ्या गावाची लेक हाये ना ते?"

 खुशालरावांनी वाकून म्हाताऱ्याच्या चिखलाच्या पायांना हात लावला. नत्थुजी ओरडले, "सोड बे, धोतर फेडशील!"

दोघांच्या गाड्या तळ्याकडे जाताना दिसल्या, तशी आधी दोन दारं उघडली, मग आणखी चार. सगळे काही पहिल्या दिवशी आले नाहीत, आणि काही तर शेवटपर्यंत आले नाहीत. गाव आहे, चालायचंच. पण ज्यांच्या घरी शिदोरीचं पाणी प्यायलं गेलं होतं, त्यांच्या बायकांनी घरात काय सांगितलं कोणास ठाऊक, गड्यांनी मुकाट्यानं फावडी उचलली. चांदीची घुंगरं फडताळातच राहिली. जेठाच्या उन्हात गाळ निघाला, बांध बांधला, गायरानाच्या पट्टीतली नांगरट बंद केली. त्यावरून दोघांची डोकी फुटता फुटता राहिली. पाच जण मिळून अकोल्याला गेले आणि गावाच्या वतीनं देवीदासाला बोलावून आले.

देवीदास आला, पण बांधावर चढायच्या आधी काठी टेकून उभा राहिला. "भाव अखीन चढला, तं मले अखीन काढून देता काय?"

"मी अखीन तसं बोलीन तं माह्यं तोंड याच गाळात घाल," खुशालराव म्हणाले, आणि पहिली तळेपट्टी त्यांनी पारावर ठेवली.

रुख्मिणीला जेठातच मुलगी झाली. तिची पहिली आंघोळ झाली ती ज्या घराची पाळी होती, त्यानं आणलेल्या पाण्यानं. सत्यभामाबाई नातीला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "लेकराचं लोनचं काही झालं नाई, इवाईबुवा," आणि पहिल्यांदाच मनमोकळ्या हसल्या. सव्वा महिन्यानं रुख्मिणी ओटी घेऊन पाणी पुजायला गेली, तेव्हा तळ्यात पाणी होतं. गढूळ, थोडं, पण होतं. देवीदासानं त्या दिवशी नत्थुजींच्या म्हशीला अशी पळवली की नत्थुजी आनंदानं शिव्या घालत राहिले.

पोळा झाला, पाणी निवळलं, आणि लेकीला पाठवायचा दिवस आला. वलगावची गाडी दारात उभी. सत्यभामाबाई गाडीत चढायला लागल्या, आणि पाहतात तर कडब्यात तेच रांजण रोवलेले, तोंडाला ओली फडकी बांधलेली. खुशालराव गुडघ्यावर बसून शेवटच्या रांजणाची गाठ आवळत होते.

"हे काय, इवाईबुवा? वलगावले पाण्याचा काय तोटा हाये?"

"तोटा नाई, इहीणबाई," खुशालराव मान वर न करता म्हणाले. "पन शिदोरीचं भांडं हाये. रिकामं कसं धाडू?"

 सत्यभामाबाईंनी रांजणाचं फडकं थोडं सारलं, ओंजळभर पाणी घेतलं, प्याल्या, आणि ओला हात नातीच्या डोक्यावरून फिरवला. मग रुख्मिणीला आधार देत गाडीत घेतलं, आणि गाडीवानाला म्हणाल्या, "हळू हाक बाप्पा. हिंदकळलं नाई पाह्यजे."